चमेलीचं नाक

६ फेब्रुवारी २०२२
दुर्गेश्वरीला नाक बदलायचं आहे! जेवताना मीठ मागावं तितक्या सहज सांगितलं नातीनं. नागपूरचा डॉक्टरही शोधून ठेवलाय. लेकानं, धनेंद्रनं, बापाची जबाबदारी लगेच माझ्या ताटात वाढली — "बाबा हो म्हणतील तर जा."
बाबा हो म्हणणार नाहीत. ते नाक चमेलीचं आहे, माझ्या बायकोचं. बसकं, गोल, टोकाशी जरासं वर. ही जाऊन नऊ वर्षं झाली. घरात हिचं चालतंबोलतं एवढंच उरलं. नात जन्मली तेव्हा मालिश हीच करायची. तेलाचं बोट त्या इवल्या नाकावर फिरवताना तंद्री लागायची हिची. आपलं नाक ओळखून हरखलेली.

७ फेब्रुवारी
"काऊन गं नकटू, पंचवीस वर्षं चाललं ना हे नाक?"
"तेव्हा आरशात दोन मिनिटं पाहत होती, आजोबा. कोरोनात दोन वर्षं फोनवर शिकवलं. शाळेतल्या पोरांचे कॅमेरे बंद, माझा एकटीचा चालू. रोज पाच तास आपलंच तोंड पाहून राहिली होती मी."
मग मास्क लावून शाळा सुरू झाली तर पोरीला हायसं वाटलं म्हणे. सगळी दुनिया मास्कला कंटाळली! आता तो सुटेल असं लोक बोलतात, म्हणून घाई. सूज मास्कखाली झाकून जाईल. दवाखान्यातली बाई फोनवर म्हणाली, कोरोनाआधी इतकी गर्दी नव्हती. सगळ्यांना आत्ताच करून घ्यायचं आहे.
फोनचं खूळ. उतरेल.

१० फेब्रुवारी
उतरलं नाही.

१३ फेब्रुवारी
उपाय सापडला. नवेगाव बांधचा फोटो! १९६९, लग्नानंतरचा पहिला हिवाळा. तळ्याकाठी चमेली, तोंडावर ओढलेल्या पदराचं टोक दातात, डोळे हसरे. शाळेत पाठ केलेल्या कवितांनी डोकं भरलेलं होतं माझं. पोस्टात शिक्के मारता मारता ओळी जुळवायचो. फोटोमागे लिहिलं होतं —
पदराआडुन हसे चांदणे,
तळे विचारी, कोण गं तू?
तिला मी नकटू म्हणायचो. ती पदर ओढून हसायची. नातीलाही तेच नाव दिलं, वारसा म्हणून.
फोटो कामठ्याला आहे, तिच्या धाकट्या बहिणीकडे, सुशिलाबाईंकडे. परवा आणतो. आजीचं नाक मिळणं म्हणजे काय ते पोरीला दाखवतो. विरघळणार ती. पैज!

१५ फेब्रुवारी
कामठ्याहून आलो.
सुशिलाबाईंनी पेटीतून फोटो काढला. कशाला हवा ते सांगितलं. त्या तो घेऊन दारातल्या उजेडात गेल्या.
"भाऊजी, याच्यात नाक कुठं आहे?"
पदराआड. लाजत होती, म्हटलं.
"लाजत नव्हती. लपवून राहिली होती. तुम्ही चारचौघात नकटू म्हणा, अन् ते माहेरी आली का माह्यापाशी रडे. नातीले मालिश करताना नाक वर ओढे. 'हिले तरी नको देऊ देवा' म्हणे."
मला कधीच बोलली नाही, म्हटलं.
"तुम्ही कविता म्हणून राहिले होते. मधात कशी बोलणार?"
चहा प्यालो की नाही, आठवत नाही. फोटो तिथंच राहिला.

१६ फेब्रुवारी
घरातले सगळे फोटो काढून बसलो. धनेंद्रचं बारसं, त्याचं लग्न, माझा निरोपसमारंभ. कुठं पदर, कुठं तोंडावर हात, कुठं वळवलेली मान.
चव्वेचाळीस वर्षांचा संसार. एकाही फोटोत नाक नाही.

१७ फेब्रुवारी
"दुर्गेश्वरी," म्हणून हाक मारली. पूर्ण नावानं. ती दचकून बाहेर आली — "काय झालं, आजोबा?"
तारीख घे म्हटलं. नागपूरला सोबत मी येतो.