टाच

१२ जानेवारी

चि. शिडीस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू नुसते हुंकार देतेस, म्हणून पत्र. बातमी अशी की एका क्रीडा मासिकाच्या संपादकांनी माझ्याकडून लेख मागितलाय. विषय : व्यावसायिक बास्केटबॉलमधल्या गुण मिळवून देणाऱ्या दहा सर्वश्रेष्ठ हुकमी चाली. छत्तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, तेव्हा मला कुत्रंही विचारत नव्हतं. तुझी आत्या म्हणते, मला आता शिंगं फुटलीयेत.

माझी कसोटी साधी आहे. समोरच्याला चाल आधीपासून ठाऊक हवी आणि तरी अडवता येऊ नये. त्यामुळे पहिला नंबर स्काय हुकचा. उंच माणूस एका हाताने डोक्यावरून चेंडू टाकतो, तो कुठून येणार हे झाडूवाल्यालाही माहीत असतं, पण हात पोचत नाही त्याला कोण काय करणार! दुसरा फेडअवे, मागे झुकत उडी मारून टाकलेला चेंडू. मग क्रॉसओव्हर, चेंडू या हातातून त्या हातात आपटत समोरच्याचे पाय एकमेकांत अडकवायचे. युरोस्टेप म्हणजे एक पाऊल इकडे, दुसरं तिकडे. नको असलेला नातेवाईक रस्त्यात दिसला की आपण सगळेच करतो ते.

नऊ झाल्या, दहावी सापडत नाही. आत्याचा हट्ट आहे की तुझा चकवा घालावा. मी म्हटलं, घरचं आहे म्हणून मार्क वाढवून देणार नाही. बघतो.

गुडघ्याला बर्फ लावतेस ना? आमच्यावरचा लोभ पत्राने दाखव, फोनने नको.

तुझा,
बाबा

२ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून एकटीच हसत बसले. खालच्या सायकलवाल्याला वाटलं असेल, बाई कामातून गेली. घाला की मला दहाव्या नंबरावर! तुमच्याकडून मार्क मिळाले तर छापून आल्याशिवाय माझा विश्वास बसणार नाही. लहानपणी वीस बास्केट टाकल्या तरी तुम्ही एकविसावी कुठेय म्हणायचात.

आमचं ठीक चाललंय. फायनलमध्ये पोचलोय, पाच सामने आहेत, आधी तीन जिंकेल त्याचा कप. मॅनेजर म्हणाले की फायनलनंतर माझ्या दोन वर्षांच्या कराराचं ठरवू. ठरवू म्हणजे काय ते मला कळतं. बत्तीस म्हणजे आमच्यात आजीबाई. उडी कमी झालीय, धावणं कमी झालंय, उरलाय तो चकवा. रिंगकडे पाठ करून खांदा हलवते आणि मग डावीकडे वळेन की उजवीकडे, हे तीन सीझन कुणाला कळलेलं नाही. खरं सांगू? मलाही कळत नाही. आमच्या कोचनी व्हिडिओ पाहून पाहून हात टेकले.

गंमत म्हणजे फायनलला समोर भिंत आहे. आठवते ना, पूर्वी माझ्या खोलीत राहायची ती सहा फूट चार इंच? तिने फोन करून दम दिलाय की या वेळी तुला गिळणार. मी म्हटलं, आधी सापडू तर दे.

आत्याला सांगा, तिने शिवलेली गुडघ्याची पट्टी अजून टिकलीय. लोभ आहेच, फायनल होईस्तोवर जरा जास्त असावा.

तुमची,
शिडी

२० मार्च

ती. बाबांस,

नमस्कार.

निकाल तुम्ही टीव्हीवर पाहिलातच. पहिले तिन्ही सामने हरलो, पुढचे दोन झालेच नाहीत. मी चौदा वेळा चकवा केला, भिंतीने अकरा वेळा चेंडू हातातून काढून घेतला. मी वळायच्या आधी ती तिथे उभी. तिसऱ्या सामन्यात प्रेक्षकांतून कुणीतरी हसलं. मला वाटलं, म्हातारी झाले.

सामन्यानंतर भिंत बाहेर माझी वाट बघत थांबली होती. तिने हातात एक कागद दिला. तुमच्या लेखाचं पान, मी अजून न पाहिलेलं. तिच्या कोचने ते कापून कपडे बदलायच्या खोलीत चिकटवलं होतं. दहावा नंबर, चकवा, आणि खाली लाल रेघ ओढलेली तुमची वाक्यं : मी ज्या बाजूला खरंच वळणार असते, त्या बाजूच्या पायाची टाच आधी उचलली जाते. लहानपणी तुमचे मोठे बूट घालून खेळायचे, तेव्हापासूनची ही खोड. फसवणार असते तेव्हा टाच जमिनीवरच असते. भिंत म्हणाली की तिला आधी खोटंच वाटलं, सख्खा बाप असं लिहील कशाला.

करार मिळाला नाही. मॅनेजर चांगले बोलले, महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली.

करारावरून भांडायला लिहीत नाही. एकच विचारते. ही टाच मला कधीच माहीत नव्हती, बाबा. तुम्हाला वीस वर्षं माहीत होती. मला का नाही सांगितलंत? आणि मग सगळ्यांना का सांगितलंत?

लोभाबद्दल या वेळी काही लिहीत नाही.

शिडी

२९ मार्च

चि. शिडीस अनेक आशीर्वाद.

याआधीची दोन उत्तरं आत्याने फाडून टाकली. पहिल्यात मी लिहिलं होतं की श्रेष्ठ चाल माहीत असूनही अडवता येत नाही, तेव्हा तुझीच कमी पडली. आत्या म्हणाली, हे पाठवलंत तर मी या घरात राहणार नाही. दुसऱ्यात लिहिलं होतं की टाच सांगितली असती तर तू बुजली असतीस, चाल बिघडली असती. ती म्हणाली, हे खोटं आहे आणि तुम्हाला ते माहीत आहे.

माहीत आहे. मागच्या अंगणात दर रविवारी आपण खेळायचो. तू उंचीने माझ्या डोक्यावरून गेलीस, ताकदीने पुढे गेलीस, जिल्ह्यात कुणाला ऐकेनाशी झालीस, तरी रविवारी मीच जिंकायचो. टाचेमुळे. मला जिंकायला आवडायचं, बाई. शाळेला एक कप नाही मिळवून देऊ शकलो. पण जगात तुला अडवू शकणारा माणूस एकच होता, आणि तो मी होतो. पुढे तू टीव्हीवर दिसायला लागलीस, तेव्हा तू वळायच्या आत मी आत्याला बाजू सांगायचो. ती तोंडात बोट घालायची. तेवढंच माझं कौतुक.

संपादक म्हणाले, बाकीचं सगळं लोकांना ठाऊक आहे, फक्त तुम्हालाच ठाऊक आहे असं काहीतरी द्या. माझ्याकडे तसं दुसरं काही नव्हतंच. आत्याने तो परिच्छेद खोडायला सांगितला होता. मी म्हटलं, असली मासिकं न्हाव्याच्या दुकानात चाळतात, कोच लोक कुठे वाचतायत. मनातून मात्र वाचावं असंच वाटत होतं.

शाळेत पी.टी.ची जागा रिकामी आहे. मी हेडमास्तरांशी बोललोय. घरी ये. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

बाबा

१८ एप्रिल

बाबा,

खोली सोडली. सध्या भिंतीकडे राहतेय. तिला अपराधी वाटतंय. ज्याला वाटायला हवं त्याला वाटतंय का, हे तुमच्या पत्रावरून कळलं नाही. त्यात तुम्ही काय केलंत ते सगळं आहे, चुकलं एवढा शब्द नाही.

इथल्या सार्वजनिक कोर्टवर रोज सकाळी आम्ही दोघी जात होतो. मी चकवा करायचा, तिने फक्त टाचेकडे बघायचं. पहिले दोन दिवस टाच ऐकेना. तिसऱ्या दिवशी मी ती दाबून धरायला शिकले. पाचव्या दिवशी मुद्दाम चुकीची टाच उचलायला लागले. आठव्या दिवशी भिंतीला सगळं ठाऊक होतं, खोड, खांदा, तुमचा लेख तोंडपाठ, आणि वीसपैकी तिने मला एकदा अडवलं. म्हणजे चाल तुमच्या कसोटीला उतरली. दहाव्यावरून वर सरकवायला हरकत नाही. आठ दिवस लागले, बाबा. आता बत्तिसाव्या वर्षी, संघ नसताना, मला ती येते.

तुमच्या शाळेतली जागा नको. इथेच मुलींना शिकवायचं काम मिळालंय. परवा पहिला दिवस होता. एक नऊ वर्षांची पोर चेंडू टाकायच्या आधी डावा डोळा मिटते. समोरचीला आयतं कळतं. मला पाहताक्षणी दिसलं, आणि खरं सांगते, क्षणभर फार बरं वाटलं, की हे फक्त मलाच दिसलंय. तुम्हाला काय वाटलं असेल ते तेव्हा समजलं.

मग मी तिला सांगितलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

आत्याला नमस्कार. तिच्यावरचा लोभ आहे तसाच आहे, कळावे.

शिडी