जागलीची दोरी

१२ ऑगस्ट, भंडारा
आले बाई एकदाची! लाखांदूरहून एसटीने कंबर मोडली, पण खोली पाहून सगळा शीण गेला. दोन खाटा, एक पंखा आणि दाराला आतून कडी. घरमालकीण कौशल्याबाईंनी आल्याआल्या पोहे दिले आणि दहानंतर दिवा नको म्हणून बजावलंही. खोलीतली दुसरी मुलगी गुंजन, सानगडीची, माझ्याच बी.ए.च्या वर्गात. तोंड अखंड चालू, पण पाठ टेकली की मेल्यासारखी झोपते. मला हेवाच वाटला. मला लहानपणापासून झोप नाही. इथे येईल.

२० ऑगस्ट
नाही येत. मानसशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, लहानपणी घरच्यांनी छळलं असेल तर कॉलेजात आल्यावरही झोप लागत नाही. एक फॉर्म भरायला दिला. घरी मारत होते का? मी ‘नाही’वर खूण केली. मारतात तर सगळ्यांनाच, त्यात काय विचारायचं!

२ सप्टेंबर
गुंजनने फॉर्मचं खोदून खोदून विचारलं आणि मी सांगून बसले. आई गेल्यावर परसराम काकांकडे वाढले. धान पिकलं की आमच्याकडे रात्री जागल करतात, रानडुकरं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, शिरू नयेत म्हणून. आठव्या वर्षापासून मचाणावर मी, खाली खाटेवर काका. माझ्या पायाच्या अंगठ्याला सुतळी, दुसरं टोक त्यांच्या मुठीत. डुकरं हाकलायला रात्रभर ओरडत राहायचं, मी गप्प झाले की हिसका. तरी डुलकी लागली तर छडी. गुंजन रडायला लागली. मला तिचाच राग आला. काका मागच्या पौषात वारले तेव्हा मीसुद्धा रडले नव्हते.

१० सप्टेंबर
गुंजन सकाळी वैतागलेली. रात्री कोणीतरी पायाचा अंगठा ओढला म्हणे. उंदीर असेल, मी म्हणाले. ती आंघोळीला गेल्यावर मात्र खाटेखाली सुतळी शोधली.

१४ सप्टेंबर
रोज तेच. तिच्या अंगठ्याभोवती लाल वळ. दार आतून बंद. कौशल्याबाईंनी मीठमिरच्या ओवाळल्या. गुंजन वर्गात बसल्या बसल्या पेंगते, अठराला आमचा पेपर. काका मेलेत. मी स्वतः पाहिलंय. मग मला सोडून तिला का —

१६ सप्टेंबर
गुंजनने रात्री मोबाईल खिडकीत उभा करून ठेवला होता. आत्ता दाखवला.
काका नाहीत.
मी आहे. तिच्या पायाशी बसलेली, डोळे उघडे. माझ्या ओढणीचं टोक तिच्या अंगठ्याला. हिसका देते आणि विचारते, “झोपली काय वं? डुकरं शिरले.”
आवाज माझाच.

१७ सप्टेंबर
मी बॅग भरली. गुंजनने हिसकावून घेतली. म्हणाली, “कायले जाऊन राहिली तू? तुहे हात बांधू अन् दोघी झोपू.” इतकी चांगली का आहे ही? मला लाज वाटते. तिला झोप मिळाली पाहिजे, बस. उद्या पेपर आहे. गाठी मीच घट्ट मारायला लावल्या.

रात्री
हात सुटलेत. मी सोडले? आठवत —
गुंजन झोपली आहे. किती दिवसांनी. झोपू दे. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसते. आत्ता जाते —
दारापर्यंत गेले होते. परत का आले —
किती गाढ. एवढं गाढ कोणी झोपतं का? धान उभं आहे. उठव, उठव तिला, नाहीतर —