वणीला जातो सांगून

ती. अक्का,

तुला आणि भाऊजींना दिपमालाचा नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

दिवस राहिल्याचं फोनवर सांगितलंच होतं. हर्षालीला थॅलेसेमिया, दर महिन्याला धुळ्याला नेऊन रक्त चढवायचं. दुसऱ्याच्या नशिबी तेच नको, म्हणून डॉक्टर म्हणाले, नाशिकला जा, पोटात सुई घालून गर्भाची तपासणी करून घ्या. आता हे अमळनेरात सांगणार कोणाला? सासूबाईंनी गल्लीभर सांगून टाकलं, वणीला देवीच्या दर्शनाला चाललो. झालं! निघताना दारात नारळांचा ढीग (शेजारच्या बेबाबाईंची खणानारळाची ओटी वेगळीच). ते सगळं पिशवीत भरून, मांडीवर घेऊन मी दवाखान्यात बसले. भिंतीवर ‘मुलगा की मुलगी हे सांगणे गुन्हा आहे’ अशी पाटी, आणि बरोबर तिच्याखाली सासूबाई नर्सला केळीची फणी देऊन डोळे मिचकावतायत! (नर्सने असं झापलं की परतीच्या एस.टी.त धुळ्यापर्यंत गप्प होत्या. तेवढंच सुख.) डॉक्टरांनी समजावलं, हा दोष आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा येतो. तर सासूबाई म्हणे, "आमना घरमा आसं काही नही शे." आमचे हे मान खाली घालून मोबाईल बघत होते, आणि मोबाईल बंद होता. येताना धुळे स्टँडवरचे पेढे घेतले आणि गल्लीत प्रसाद म्हणून वाटले. लोकांनी कपाळाला लावून खाल्ले गं! (नारळ अजून पलंगाखाली आहेत. चटणी करायला हात धजत नाही.)

मंगळवारी रिपोर्ट आला. यालाही तेच आहे, हर्षालीसारखंच. या घरात पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं, ठेवायचं नाही. मीही हो म्हटलं. हर्षाली सहा महिन्यांची असल्यापासून तिच्या हातात सुया टोचलेल्या बघतेय, पुन्हा तेच माझ्याच्याने होणार नाही. रडून झालंय. शुक्रवारी दवाखान्यात जायचं आहे.

मुलांना पापा.

तुझी,
दिपमाला

ता. क. शुक्रवारी तू येऊ नकोस, उगाच धावपळ होईल.

ता. क. पुन्हा. ये गं. माझ्याजवळ नको, हर्षालीजवळ थांब. तिने घरातलं सगळं बोलणं ऐकलंय. काल रक्त चढत असताना मला विचारते, "मम्मी, मी पोटात असताना तुम्हाला कळलं असतं तर?" मी म्हटलं, हात हलवू नकोस, सुई निघेल. ती तुझं ऐकते. काहीतरी सांग तिला.