टाकीचं तोंड

आई,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो, दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता.

मी वाळलो असेन म्हणून तू झुरतेस. मग ऐक. पावसाचं पाणी साठवायची टाकी बांधताना तिचं तोंड मी माझ्याच अंगाच्या मापाने ठेवतो, म्हणजे गिलाव्याला आत उतरता येतं. काल घरमालकीण आजींनी माझं जेवण आतच सोडलं, वर आग्रह! निघताना कमरेत अडकलो. आजी म्हणाल्या, "आता पाऊस पडला की तरंगत वर ये." शेवटी तेल चोळून ओढलं.

विहिरीवरून हंडे अजून तूच आणतेस ना? दादा खरं सांगत नाही. आल्याबरोबर आपल्या पागोळ्यांखाली टाकी बांधतो. तोंड मात्र तुझ्या आग्रहाच्या मापाने ठेवीन.

तुझा न वाळलेला
धाकटा