बाजूने बारा, विरोधी निरंक

रविवार, १ ऑक्टोबर १९७८
मेनरोडच्या रद्दीवाल्याकडून मानसशास्त्राचं इंग्रजी पुस्तक घेतलं. पहिली बावीस पानं नाहीत. हरकत नाही, माझा पाया पक्का आहे. शाळा सातवीपर्यंत. टायपिंग, इंग्रजी, होमिओपॅथी सगळं स्वतःचं स्वतः.

बुधवार, ४ ऑक्टोबर. सकाळी ६.१०
पान ६१. अमेरिकेतला प्रयोग. खोलीत सात-आठ जण. एक रेषा दाखवतात, तिच्याएवढी दुसरी कोणती ते सांगायचं. बाकीचे आधीच पढवलेले, मुद्दाम चूक सांगतात. खरा माणूस एकच. डोळ्यांना स्वच्छ दिसत असून तोही त्यांच्यामागे चूक सांगतो. चारातले तीन जण निदान एकदा तरी.
मी असतो तर खिशातून फूटपट्टी काढली असती.
सौ.ला सांगितलं. ती मखमलाबादची, मेथी निवडत होती. म्हणाली, "तुमी पट्टी काढली असती, मोजली असती, आन् मंग त्येंच्यावानीच बोल्ला असता." अडाणी माणसाशी शास्त्र बोलू नये.

शनिवार, ७ ऑक्टोबर
रंगनाथ ऑफिसात अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर आहे. आज डबा खाताना पहिल्यांदाच स्वतःसाठी काही बोलला. त्याची खोली रेल्वे यार्डाला लागून. इंजिनांचा धूर थेट आत. त्याच्या बायकोला, सावित्रीबाईंना, दमा. डॉक्टरने सांगितलंय, थंडीच्या आत जागा बदला.
आमच्या सोसायटीत तळमजल्याचा ब्लॉक रिकामा आहे. मी लगेच सांगितलं. रंगनाथ म्हणाला, "अण्णा, पण आम्हाला देतील?"
राग आला. म्हटलं, गड्या, बुद्धाला मानतोस आणि अशी शंका घेतोस? सोसायटीचा सेक्रेटरी कोण? मीच ना?
म्हणाला, "म्हणून तर तुम्हाला विचारतोय."

गुरुवार, १२ ऑक्टोबर
ब्लॉकचे मालक काळूशेठ सटाण्याहून आले होते. कांद्याचे व्यापारी. म्हणाले, "माले काय अडचण शे? सोसायटीनं पत्र द्या." म्हणजे ना हरकत पत्र. सभा १२ नोव्हेंबर, सकाळी १० वाजता. विषय क्र. ४.

रविवार, २२ ऑक्टोबर
रंगनाथ सावित्रीबाईंना घेऊन ब्लॉक बघायला आला. दोन पायऱ्या चढून बाई थांबल्या, मग तिसरी. मागच्या खोलीच्या खिडकीपाशी बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "इथं धूर नाय येत. मी इथंच झोपत जाईन." नंतर मला हात जोडले. मला अवघडल्यासारखं झालं. अजून पत्र व्हायचंय, असं मी स्पष्ट केलं.
जिन्यात वरच्या मजल्यावरच्या शकुबाईंनी विचारलं, पाव्हणे कुठले? म्हटलं, ऑफिसातले. जिन्यात तपशिलात शिरण्याचं कारण नव्हतं.

रविवार, ५ नोव्हेंबर
चेअरमन चिमाजीराव नळावर भेटले. म्हणाले, "अण्णा, आपल्या मनात काय नाही हो. आपण सुधारलेले. पण बायकांचं पाण्यापाशी असतं ना काहीबाही. उगा त्या माणसालाच त्रास." मग खांद्यावर हात ठेवून, "तुमच्यासारखा समजूतदार सेक्रेटरी आहे म्हणून काळजी नाही."
मी बादली भरून घेतली. मुद्दे सभेसाठी राखून ठेवायचे असतात. माणसांची पारख मात्र आहे चिमाजीरावांना.

शनिवार, ११ नोव्हेंबर
भाषण तयार. सात मुद्दे. टाइप केलं. मुद्दा ५ घटनेचा, मुद्दा ६ दम्याचा.
सभेचं इतिवृत्तही आदल्या दिवशीच टाइप करून ठेवलं, फक्त संपण्याची वेळ कोरी. हरलोच तर काय, तेही धरलं आहे: "ना हरकत नाकारण्याच्या बाजूने ११, विरोधी १ (सेक्रेटरी, कारणांसह)." कागदावर एक तरी माणूस उभा दिसला पाहिजे.
सौ. म्हणाली, "कागुद न्हेऊ नका. तोंडानं बोला."

रविवार, १२ नोव्हेंबर. दुपारी १.४०
सभा १०.२५ ला सुरू. काळूशेठ आले नव्हते; राहणारे सभासद बारापैकी बारा हजर. विषय ४ ला चिमाजीराव म्हणाले, चर्चा कशाला, उगा कुणाचं नाव निघायचं. आपण कुणाच्या विरोधात नाही. पत्र नको असेल त्यांनी हात वर करा, अण्णा मोजतील.
मी भाषणाचा कागद काढला होता. पण मोजणी सुरू झाल्यावर बोलणं नियमात बसत नाही. मोजले. अकरा. पुन्हा मोजले. अकरा.
चिमाजीराव हसून म्हणाले, "अण्णा, स्वतःला मोजायचं विसरलात का काय?"
सगळे हसले. सगळे माझ्याकडे बघत होते. मोजणाऱ्याने मोजणीत तूट ठेवू नये. मी हात वर केला. फार नाही, खांद्यापर्यंत.
बारा. इतिवृत्त नव्याने टाइप करावं लागलं. सभा १०.५५ ला संपली.
शांतपणे विचार केला तर एका मताने निकाल बदलला नसता. शिवाय आत राहूनच माणूस मतपरिवर्तन करू शकतो. पुढच्या सभेला नक्की.

मंगळवार, १४ नोव्हेंबर
अर्जदाराला ठरावाची प्रमाणित प्रत द्यावी, असा नियम आहे. रंगनाथला दिली. खाली सही, शिक्का. देऊन झाल्यावर लक्षात आलं की त्यात मतांचा आकडा आहे. बाजूने बारा, विरोधी निरंक.
त्याने वाचलं. चार घड्या घालून खिशात ठेवलं. म्हणाला, "टायपिंग स्वच्छ आहे, अण्णा."
मी सांगणार होतो की व्यक्तिशः माझं मत वेगळं आहे. तेवढ्यात साहेबांनी बोलावलं.

सोमवार, १८ डिसेंबर
कडाका. रंगनाथ आठवडाभर रजेवर. सावित्रीबाई दवाखान्यात आहेत म्हणे. उद्या जाणार.

मंगळवार, १९ डिसेंबर
सायकल पंक्चर.

गुरुवार, २१ डिसेंबर
पेशंटला फार भेटायला जाऊ नये, श्रम होतात. रविवारी मोसंबी घेऊन जाईन.

रविवार, २४ डिसेंबर
काल पहाटे गेल्या. मोसंबी घरातच आहेत.

रविवार, ३१ डिसेंबर
सावित्रीबाईंच्या पुण्यानुमोदनाला रंगनाथकडे गेलो. सौ. बरोबर होती. खोली लहान, माणसं बाहेर बोळात सतरंजीवर. यार्डात शंटिंग चालू होतं. तासाभरात माझ्या शर्टाच्या कॉलरला काजळी.
नामपूरहून सावित्रीबाईंची बहीण आलीय, धोंडाबाई. माझं नाव कळल्यावर पदर सावरून समोर येऊन बसली. म्हणाली, "अण्णा म्हंजे तुमीच का? अक्कानं लय सांगितलं तुमचं. शेवटच्या दिसापत्तुर. समदी सोसायटी एकीकडं आन् तुमी एकले उभं राह्यले म्हने आमच्यासाठी. दाजीनं सांगितलं तिला. ती म्हनायची, खोली नाय मिळाली तं नाय, येक मानूस तं उभा राह्यला."
मी रंगनाथकडे पाहिलं. तो चहाच्या कपबशा मांडत होता. त्याने वर पाहिलं नाही.
सौ.ला सगळं माहीत आहे. ती खाली मान घालून बसली होती.
धोंडाबाईने माझ्या पायाला हात लावला. मी म्हणालो, राहू द्या. एवढंच म्हणालो.