माजघराखालच्या आवाजाविषयी

मी, गेनबा रावजी शेवकरी, वय अदमासे सदुसष्ट, धंदा विहिरी खोदण्याचा ठेका, राहणार चाकण, तालुका खेड, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघे गेले, डोळे निम्मे गेले, पण कान तरण्या माणसाचे आहेत आणि त्या कानांमुळेच हा कागद करावा लागत आहे. कोणी धाक घातलेला नाही. माझे दुसरे मृत्युपत्र कोणी दाखवलेच, तर ते खोटे समजावे.

१. मला मूलबाळ नाही. माझी माणसे दोन: पत्नी गोजाबाई, आणि मयत धाकट्या भावाचा मुलगा सयाजी, जो बायको-मुलांसह माझ्याच घरात राहतो.

२. पहारी, घण, दोरखंड ही हत्यारे जुना जोडीदार भैरू याला द्यावीत. म्हणूनच त्याला साक्षीला घेतलेले नाही. एक मोठी पहार त्याने लढाईच्या साली नेली, ती अजून आणून देतोच आहे. तीही त्याचीच समजावी.

३. घर. याची हकीकत सांगितल्याशिवाय वाटणी कळणार नाही. पूर्वी चाकणच्या किल्ल्याला वेढा पडला तेव्हा कोणा खजिनदाराने मोहरांचा हंडा या जागेत पुरला, तो जमिनीखाली चालतो, चालताना वाजतो आणि माणूस घेतल्याशिवाय वर येत नाही, अशी गावात बोलवा आहे. आधीचे मालक उद्धवराव यांना माजघरात आवाज यायचा. ते म्हणाले, "गेनबा, घर घे, पण पोराबाळांना काही झालं तर माझ्याकडं जाब मागू नकोस." मी फरशीला कान लावून पडलो. मोहरा कशा वाजतात ते मला ठाऊक नव्हते, पण पाणी कसे वाजते ते ठाऊक होते. खाली बुजवलेली जुनी बारव आहे. तिचा झरा जिवंत आहे आणि फटीतून ठिबकतो. मी घर पडत्या भावात घेतले आणि गप्प बसलो.

४. गप्प बसणे फायद्याचे ठरले. "गेनबाला हंडा प्रसन्न हाय, त्याला भुईतलं दिसतं," असे म्हणत लोक आळंदीपासून पिंपरीपर्यंत विहिरीची जागा विचारायला मला नेऊ लागले. पाणी मी कानाने आणि पहारीने शोधत होतो, नाव हंड्याचे होत होते. मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. गोजाबाईने बावीस वर्षे दर अमावास्येला त्या फरशीवर दूध ठेवले आणि बावीस वर्षे वेशीबाहेरून डोक्यावर पाणी आणले. विहिरी खोदणाऱ्याची बायको! तिला मी सांगितले नाही. बायकांत बोलली असती, तर धंदा बसला असता. याची मला लाज वाटते, असे या कागदावर नमूद करतो.

५. गेल्या महिन्यात मी तापाने पडवीत पडलो होतो. आत देवऋषी आबाजी सयाजीला सांगत होता, "तुझी काकी घराची मालकीण. ती हाय तवर हंडा वर यायचा न्हाई."

"मग?"

"जागा मोकळी व्हाया पायजे."

यावर सयाजी काही बोलला नाही. मला त्याचे ते न बोलणेच ऐकू आले. आठ दिवसांनी माळ्याच्या शिडीची पायरी गोजाबाईच्या पायाखाली निसटली, ती थोडक्यात बचावली. लाकूड किडलेले नव्हते. खिळा काढलेला होता. मी कोणावर आरोप करत नाही. जन्मभर शिड्या बांधल्या, म्हणून नोंद करतो.

६. सबब, घर गोजाबाईस. मी गेल्यावर तेराव्या दिवसाच्या आत चार माणसांसमक्ष माजघराची फरशी काढावी. पाणी निघेल, ते तिचे.

७. ओढ्याकाठचा चार एकर मळा सयाजीने कसावा आणि उत्पन्न घ्यावे, पण गोजाबाई हयात आहे तोवरच. दर पाडव्याला तिने पोलीस पाटलांसमोर जाऊन 'मी सुखरूप आहे' असे सांगावे. तिने डोळे मिटले, मग कारण वाघ असो वा वार्धक्य, की त्याच दिवशी मळा गावच्या शाळेचा. हे सयाजीला अन्यायाचे वाटेल. वाटू दे.

८. वरील मजकूर आज सयाजीला व गोजाबाईला साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. सयाजी म्हणाला, "काका, तुमचा माझ्यावर इश्वास न्हाई?"

मी म्हणालो, "मळ्यावर तुझा आहे ना? तेवढा बस."

गोजाबाई उठून फरशीपाशी गेली आणि तिने वाकून कान लावला. मग सयाजीला म्हणाली, "आधी ती शिडी नीट कर." सयाजी हातोडी घेऊन गेला. खिळा त्याने स्वतःच्या खिशातूनच काढला.

सही: गेनबा रावजी शेवकरी

साक्षीदार:
१. दौलतराव गोरे, निवृत्त शाळामास्तर
२. हिंदुराव कड, पोलीस पाटील (खिळा मीही पाहिला.)

मुक्काम चाकण, दिनांक १४ मार्च १९५७