गोजरा वहिनीला परत पोचवण्याबाबत

मी, गोटीराम जोमा मढवी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त, सध्या धंदा घरभाडे, राहणार तळवली गाव, नवी मुंबई, आज हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. नशापाणी नातू झाला तेव्हाच सोडलं आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉ. गीतांजली यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी बायको म्हणते, तो मिळाला हेच नवल. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मसुदा वकील क्षिप्राताईंनी नीट करून दिला आहे, पण मधलं मधलं माझं बोलणं माझ्या हट्टामुळे तसंच राहू दिलं आहे.

कलम १. गावठाणातलं माझं घर, तळमजला अधिक तीन मजले. तळमजला, ओटा आणि मागच्या भाड्याच्या खोल्या माझी पत्नी मालतीबाई हिच्या एकटीच्या मालकीच्या होतील. तिने त्या ठेवाव्यात, विकाव्यात, कोणाला विचारू नये. बँकेत जे असेल तेही तिचंच. पहिला मजला थोरला मुलगा मानसिंग याचा, दुसरा धाकटा प्रितम याचा आणि तिसरा मुलगी सुचिता हिचा. दोघा भावांना हे रुचणार नाही. पण सरकारने जमिनी घेतल्यावर साडेबारा टक्के योजनेत मोबदल्याचा प्लॉट घणसोलीला मिळाला, तो विकताना आम्ही सुचिताकडून हक्कसोड लिहून घेतलं आणि तिची साडीवर बोळवण केली. ती हसत हसत सही करून गेली. घरी पोचल्यावरही हसत असेल असं मला वाटत नाही.

कलम २. क्षिप्राताईंनी सुचवलं होतं, "काका, मुलांनी आईला सांभाळलं नाही तर त्यांचा हिस्सा रद्द, अशी अट टाकू या. हल्ली बरेच जण टाकतात." मी नको म्हणालो. मुलगे भले आहेत म्हणून नव्हे. ते जसे आहेत तसे आहेत. मालतीने कुठे राहायचं ते मालती ठरवेल. मुलाकडे, मुलीकडे, एकटी, नाहीतर आणखी कुठे. जिथे ती राहील तिथे कोणी नाक खुपसू नये. हे मला फार उशिरा कळलं. ज्या गोष्टीने कळलं ती पुढे लिहिली आहे.

कलम ३. माझे पाने, फायली, व्हर्निअर वगैरे हत्यारं प्रितमला. तो ती भंगारात घालणार हे मला माहीत आहे. निदान माझं वर्षश्राद्ध होऊ दे. बापाच्या हातचा पाग, म्हणजे खाडीत फेकायचं जाळं, मानसिंगला. त्याने आजवर खाडीत पाय घातलेला नाही, पण पाग भिंतीवर टांगला तरी चालेल.

कलम ४. शेजारी पोपट ठाकूर गेली कित्येक वर्षं स्वतःची स्कूटर माझ्या ओट्याला टेकवून लावतो. माझ्या वारसांनी तिला हात लावू नये, पण ओट्याचा कोपरा कोणी तोडला ते विसरूही नये. पोपट या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे, त्यामुळे हे त्याने वाचलेलं असेल.

कलम ५. गोजरा वहिनी. माझा मयत थोरला भाऊ चांगा याची बायको, वय ऐंशीच्या पुढे. ती लग्न होऊन आली तेव्हा मी नाक पुसायला शिकत होतो. ती आमच्या पट्ट्यातली नावाजलेली धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते, तेव्हा कुठे लग्न लागलं असं म्हणतात. वहिनी मांडवात बसली की बापये माणसंही बोलायची थांबत. पुढे हॉल आले, डीजे आले, वहिनीला बोलावणं येईना. चांगा गेला. तिचा एकुलता मुलगा हितेश आणि त्याची बायको, दोघंही नोकरीला. सकाळी बाहेर पडली की दिवेलागणीलाच घरी. वहिनी दोनदा मोरीत पडली. एकदा संध्याकाळपर्यंत तशीच पडून होती. मग हितेशने तिला पनवेलच्या पुढे एका वृद्धाश्रमात ठेवलं.

"काका, आईनेच सांगितलं, मला तिथे ठेव," असं हितेश मला हात जोडून सांगत होता. मी ऐकून घेतलं नाही. भर भावकीत म्हणालो, "आईला ठेवाला जागा नाय, न गाऱ्या ठेवाला जागा हाय?" त्याच्याकडे एकच गाडी होती, तीही कंपनीची. पण लोक हसले आणि मला चेव चढला.

पुढे त्याच्या मुलीचं, ज्ञानेश्वरीचं लग्न निघालं. मी भावकीतला वडीलधारा. तिच्या हळदीला कोणी जाऊ नये असं मी घरोघर जाऊन सांगितलं. ठराव वगैरे केला नाही, कारण वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे आणि मला तो माहीत होता. नुसतं सांगितलं. आमच्यात हळदीला अख्खं गाव लोटतं. त्या हळदीला बँजो वाजत होता आणि नाचायला होती ती मुलीच्या ऑफिसातली चार माणसं. वहिनीला हितेशने त्या दिवसापुरतं घरी आणलं होतं. नातीच्या हळदीला ती रिकाम्या मांडवात गात होती, आणि मी माझ्या ओट्यावर बसून कोण आत जातं ते बघत होतो. हे मी केलं. लग्नानंतर हितेश घराला कुलूप लावून उलव्याला राहायला गेला.

एवढ्यावर माझं भागलं नाही. चार जणांना गाडीत घालून मी वहिनीला आणायला आश्रमात गेलो. दुपार होती. अंगणात बायका गोल करून बसल्या होत्या आणि मधोमध वहिनी धवला गात होती. ना मांडव, ना नवरानवरी. धवला असा भलत्या वेळी कोणी तोंडात घेत नाही. मला वाटलं, पोराने टाकलं म्हणून म्हातारीला भ्रम झाला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. पण वहिनीला काही झालेलं नव्हतं. ती त्या बायकांना धवले शिकवत होती. जयमालाबाई म्हणून साताऱ्याकडच्या एक बाई ते मोबाईलमध्ये रेकॉर्ड करत होत्या. वहिनीला न्यायला आलोय म्हटल्यावर त्या उठून मला म्हणाल्या, "अहो, पण त्यांना विचारलंत का?"

मी म्हणालो, "आमच्यात विचारत नाहीत."

वहिनीला हाताला धरून गाडीत बसवलं. चार पुरुषांसमोर आमच्याकडची जुनी बाई दिराला नाही म्हणत नाही, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच चौघांना नेलं होतं. गावात माझ्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. मी तो घेतला.

तेव्हापासून वहिनी माझ्या मागच्या खोलीत आहे. तिचं न्हाणंधुणं मालती करते. मी लोकांना सांगतो की मी वहिनीला सांभाळतो. माझ्या आईच्या वेळीही हेच झालं. "माझी आई माझ्या घरात गेली" असं मी छाती काढून सांगत आलो. आईची घाण झालेली लुगडी गोजरा वहिनी धूत होती आणि मी नाकाला रुमाल लावून दारातूनच "आये, बरी हाय ना?" असं विचारून कामावर जात होतो. ज्या बाईने माझ्या आईचं केलं, तिच्याच मुलाला मी आईचं कर्तव्य शिकवायला निघालो. याला काय म्हणावं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

इथे आल्यापासून वहिनी गायलेली नाही. यंदाच्या गणपतीत ती मला म्हणाली, "भावजी, मना तिकरं परत सोर." मी म्हणालो, "वैनी, लोक काय म्हनतील?" ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

सबब, माझ्या मृत्यूनंतर गोजरा वहिनीला त्या आश्रमात परत पोचवावे आणि तिचा तिथला सर्व खर्च भाड्याच्या उत्पन्नातून करावा.

कलम ६. माझ्या दहाव्याला कलम ५ भावकीसमोर मोठ्याने वाचावे, म्हणजे मी हितेशची माफी मागितली असे होईल.

कलम ७. कलम ५ चा शेवटचा परिच्छेद आणि कलम ६ पूर्ण रद्द करत आहे. कारण असं.

काल क्षिप्राताई माझ्या ओट्यावर मसुदा वाचून दाखवत होत्या. मालती बाजूला तांदूळ निवडत होती. सहावं कलम झालं आणि तिने सूप खाली ठेवलं.

"म्हंजे तुमी मरशाल तवा ती जाल. न ती आदी मेली तं?"

क्षिप्राताई कागदाकडे बघत राहिल्या.

"न माफी पन मेल्यावर," मालती म्हणाली. "भारी हाय तुमचा. तोंड दाखवाला नको."

मी उठून मागच्या खोलीत गेलो. म्हणालो, "वैनी, रविवारी मी सोता तुला तिकरं सोरतो." मनात आशा होती की ती निदान माझ्या डोक्यावर हात ठेवील. ती उठून बसली आणि म्हणाली, "तू नको. मना माजा पोर सोरंल."

मग हितेशला फोन करणं आलं. हळदीनंतर मी त्याचं नावही घेतलं नव्हतं. मालती आणि वकिलांसमोर, ओट्यावर उभा राहून मी फोन लावला. म्हणालो, "हितेश, माजा चुकला. तुजे आईला परत तिकरं जावाचा हाय. तूच ये न तिला ने."

तो म्हणाला, "येतो काका. रविवारी सकाळी."

मला वाटलं फोन ठेवला. पण तो थांबला होता. हळूच विचारलं, "गाडी दारापर्यंत आणू, का बाहेर रोडलाच लावू?"

या गल्लीत तो लहानाचा मोठा झाला. इथे यायला त्याला माझी परवानगी मागावी लागली.

"दारापर्यंत आन," मी म्हणालो.

आश्रमाचा खर्च माझ्या हयातीतच, येत्या महिन्यापासून भाड्यातून जाईल, आणि माझ्यामागे मालतीबाई तो चालू ठेवील. मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी तिलाच नेमत आहे. वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. खाडाखोड माझ्या सांगण्यावरून झाली असून तिथे मी वेगळी सही केली आहे.

लिहून ठेवणार : गोटीराम जोमा मढवी (सही)

आमच्यासमक्ष सही केली :
१. दिलीप शंकर राणे, राहणार वाशी (सही)
२. पोपट हिरू ठाकूर, राहणार तळवली गाव (सही)

ठिकाण : तळवली, नवी मुंबई
दिनांक : १९ नोव्हेंबर २०२५